बाराव्या पायरीनंतर काय उरतं?

एका होमिओपॅथिक महाविद्यालयाच्या संस्थाचालकांना खुलं पत्र

अध्यक्षसाहेब,

नमस्कार. पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहिण्याची आपल्याकडे रीत आहे. तो शब्द मी गाळला आहे, कारण माझ्या मनात तुमच्याबद्दल प्रेम नाही आणि खोटं लिहायची माझी इच्छा नाही.

तुमचं आणि तुमच्या संस्थेचं नाव मी इथे घेत नाही. तुमच्या गेटसमोरून रोज जाणाऱ्यांना ते कळेलच. ज्यांना कळणार नाही, त्यांच्या जिल्ह्यातही तुमच्यासारखं कुणीतरी असेल. त्यांनीही हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजून वाचावं.

मी लातूर जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवतो. सत्तावीस वर्षं झाली. आमच्या भागात जूनमध्ये नीटचा निकाल लागला की घराघरात दोनच आकडे बोलले जातात, पोराचे मार्क आणि एमबीबीएसचा कटऑफ. त्या दोन आकड्यांमध्ये फट राहिली की घरातली माणसं आठ-आठ दिवस नीट जेवत नाहीत. नेमक्या त्याच दिवसांत तुमची माणसं मोटारसायकलवरून गावोगाव फिरतात. २०१९ साली त्यातला एक जण माझ्याकडे आला होता. पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवून म्हणाला, “सर, तुमच्याकडची चार-पाच पोरं आमच्याकडे वळवा, तुमचंही बघू.” मी पुडा त्याच्या हातात परत दिला. त्याने तो पिशवीत टाकला आणि संध्याकाळी माझ्याच एका विद्यार्थ्याच्या घरी जाऊन बसला.

त्या मुलाचे वडील कोरडवाहू शेतकरी. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “डॉक्टर होईल ना?” तुमच्या माणसाने सांगितलं, “नावाच्या आधी डॉक्टर लागणार, दवाखाना टाकता येणार, आणि पुढे ॲलोपॅथीची औषधंसुद्धा लिहिता येणार.” दीड एकर रान विकलं गेलं. पोरगा तुमच्याकडे बीएचएमएसला लागला.

त्या तिसऱ्या वाक्याकडे मी पुढे येतोच. त्याआधी तुमच्या कॉलेजात शिरायला जी परीक्षा लागते, तिच्याबद्दल बोलतो.

नीटमध्ये रसायनशास्त्र असतं. अकरावीच्या रसायनशास्त्रात अगदी सुरुवातीलाच मोल ही कल्पना येते. कुठल्याही पदार्थाच्या एका मोलमध्ये ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात. हा ॲव्होगाड्रोचा अंक मी दरवर्षी जुलैमध्ये फळ्यावर लिहितो आणि मुलांना सांगतो की यावर उभी असलेली गणितं चुकू देऊ नका. तुमचा विद्यार्थी ती चुकू देत नसे. तुमच्याकडे जागा मिळण्याइतके मार्क त्याला ज्या गणितांनी दिले, त्यांत हीही होती.

मग पहिल्याच वर्षी होमिओपॅथिक फार्मसीच्या तासाला त्याला औषध तयार करायला शिकवलं गेलं. मूळ द्रावणाचा (मदर टिंक्चरचा) एक भाग, नव्याण्णव भाग अल्कोहोल किंवा पाणी, जोरजोरात हलवायचं. ही झाली पहिली पायरी, १सी. त्यातला एक भाग घेऊन पुन्हा नव्याण्णव भागांत, ही २सी. असं तीस वेळा केलं की ३०सी. दोनशे वेळा केलं की २००सी. जितकी पायरी वर, तितकी औषधाची ताकद, म्हणजे पोटन्सी, जास्त.

२०२० च्या दिवाळीत तो माझ्या घरी आला. फराळाची ताटली बाजूला सारून त्याने जर्नल उघडलं. नॅट्रम म्यूर म्हणजे साधं मीठ. एक मोल मीठ म्हणजे साडेअठ्ठावन्न ग्रॅम, ते एक लिटर पाण्यात. त्याने पायऱ्या मांडत नेल्या होत्या. प्रत्येक पायरीला शंभराने भाग, म्हणजे दोन शून्यं कमी. बाराव्या पायरीला चोवीस शून्यं कमी झाली आणि मोलमधली तेवीस संपली. एका लिटरमागे मिठाचा एक कणसुद्धा उरत नव्हता. तिथे त्याने पेन्सिलने आडवी रेघ मारली होती. रेघेखालच्या अठरा पायऱ्या त्याने तरीही पूर्ण केल्या होत्या, कारण त्याला गणित अर्धवट सोडायची सवय नव्हती. तिसाव्या पायरीच्या द्रावणात मिठाचा एक कण सापडायला किती पाणी लागेल? उत्तर आलं ते लिटरमध्ये वाचता येत नव्हतं, म्हणून आम्ही दोघांनी बसून त्याला पृथ्वीच्या आकारमानाने भागलं. आपल्या पृथ्वीएवढे सुमारे दीड लाख कोटी गोळे पाण्याने भरावे लागतील.

तो मला म्हणाला, “सर, तुम्ही शिकवलेलं खरं की हे?”

अध्यक्षसाहेब, शिक्षकाच्या आयुष्यात असा प्रश्न फार थोड्या वेळा येतो. हाच प्रश्न त्याने आधी तुमच्या वर्गात विचारला होता. त्याला उत्तर मिळालं की ॲलोपॅथीच्या चष्म्यातून बघू नकोस. मोल काही ॲलोपॅथीचा नाही. तो मिठाचा आहे, साखरेचा आहे, तुमच्या कॉलेजच्या टाकीतल्या पाण्याचाही आहे. पोटन्सी चढवताना गोळ्यांवर टाकता त्या अल्कोहोलची किंमत तुम्ही त्याच रसायनशास्त्रावर विश्वास ठेवून मोजता. मदर टिंक्चरमध्ये आणि खालच्या पोटन्सीत मूळ पदार्थ असतो, हे मला माहीत आहे. तुमच्या ओपीडीच्या कपाटात त्या किती आणि ३०, २००, १एम अशा वरच्या पोटन्सी किती, हेही त्या मुलाने मला सांगितलं आहे.

होमिओपॅथीचा जनक सॅम्युअल हानेमान याला मी दोष देत नाही. हे मनापासून सांगतो. त्याच्या काळातले नामांकित वैद्य रोग्याचं रक्त काढत, पारा देत. १७९९ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनचा घसा सुजला तर त्याचं इतकं रक्त काढलं की आज वाचताना अंगावर काटा येतो. अशा काळात रोग्याला त्रास न देणारी गोळी देणारा माणूस दयाळूच म्हणायचा. त्याने १७९० मध्ये सिंकोनाची साल स्वतः खाऊन पाहिली आणि त्या अनुभवावर आपला सिद्धांत रचला. त्याचा ‘ऑर्गेनॉन’ हा ग्रंथ १८१० मध्ये छापून आला. ॲव्होगाड्रोने आपलं गृहीतक मांडलं १८११ मध्ये. रेणूंच्या आकाराचा अंदाज लॉश्मिटने बांधला १८६५ मध्ये, आणि हानेमान १८४३ मध्येच पॅरिसला वारला होता. पाणी किती वेळा विरळ केल्यावर रिकामं होतं, हे त्याला कळायला मार्गच नव्हता. तुम्हाला तो मार्ग आहे, तुमच्या प्रवेश परीक्षेतच आहे. हानेमानचं अज्ञान प्रामाणिक होतं. तुमचं अज्ञान नाहीच, तुम्ही फी घेऊन तेच अज्ञान मुलांच्या डोक्यात परत घालता.

आणि हे ‘पाश्चात्त्यांचं कारस्थान’ वगैरे माझ्यापुढे बोलू नका. होमिओपॅथी जर्मनीची, तिची तपासणीही जर्मनीत झाली. १८३५ साली न्यूरेम्बर्गमध्ये नागरिकांनी एक प्रयोग केला. बर्फ वितळवून घेतलेल्या पाण्यात मीठ, तीस वेळा विरळ केलेलं, काही बाटल्यांत, आणि नुसतं पाणी उरलेल्या बाटल्यांत. कोणत्या बाटलीत काय, हे देणाऱ्यालाही ठाऊक नाही आणि घेणाऱ्यालाही नाही. यादी बंद करून ठेवली. निकाल कळवणाऱ्या पन्नास जणांपैकी बेचाळिसांना काहीच झालं नाही. आठ जणांना काहीतरी वेगळं वाटलं. त्यांतल्या पाच जणांना मिठाचं औषध मिळालं होतं आणि तिघांना साधं पाणी. गावातल्या खानावळीत जमलेल्या सामान्य माणसांना इतकी साधी आणि न्याय्य परीक्षा सुचली. तुमच्या कॉलेजात बीएचएमएसच्या साडेपाच वर्षांत एकदाही सुचली नाही.

नंतरचं मी भराभर सांगतो, कारण ते तुमच्या लोकांनी वाचलेलं असणारच. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने १७६ अभ्यास तपासले आणि होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा एकाही आजारासाठी मिळत नाही, असं जाहीर केलं. २०१७ मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने डॉक्टरांना ही औषधं लिहून न देण्याची सूचना केली. फ्रान्सने २०२१ पासून तिचा खर्च सरकारी विम्यातून देणं बंद केलं. हे निकाल चुकीचे वाटत असतील तर ते चुकीचे का, हे तुमच्या मुलांना शिकवा. त्यांच्यापुढे ते कागद ठेवा आणि चर्चा होऊ द्या. माझ्या विद्यार्थ्याने साडेपाच वर्षांत यातल्या एकाचंही नाव तुमच्या इमारतीत ऐकलं नाही.

तुमच्या सेमिनार हॉलमध्ये डॉ. महेंद्रलाल सरकार यांची तसबीर आहे, असं तो सांगायचा. ते कलकत्त्याचे नावाजलेले एम.डी., नंतर होमिओपॅथीकडे वळले, म्हणून तुम्ही त्यांना हार घालता. पण याच माणसाने १८७६ मध्ये इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था उभी केली. तिच्याच प्रयोगशाळेत पुढे १९२८ मध्ये रामन यांचा शोध लागला. महेंद्रलालांच्या होमिओपॅथीशी मी सहमत नाही. पण आपल्या देशात मोजून बघणारी माणसं तयार व्हावीत म्हणून त्यांनी दारोदार पैसा गोळा केला. त्यांची तसबीर लावताना तेवढं तरी त्यांच्याकडून घ्यायचं होतं.

जुनं ते सगळं टाकाऊ, असंही मला म्हणायचं नाही. माझ्या आजीच्या ओसरीवर वैदू यायचा, त्याच्या पिशवीतल्या मुळ्यांचा वास मला अजून आठवतो. सर्पगंधा ही त्यातलीच. आपल्या वैद्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक होती. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातले हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना दिली, दाब मोजले, नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापल्या. मग सगळ्या जगाने ती घेतली. १९५२ मध्ये तिच्यातलं रेझर्पिन वेगळं काढलं गेलं. पुढे कळलं की ते घेणाऱ्या काही जणांचं मन खचतं, डोस सांभाळावा लागतो. आणखी चांगली औषधं आली तेव्हा तिचा वापर कमी झाला. चीनच्या तू योयो यांनीही जुन्या ग्रंथातल्या वनस्पतीपासून मलेरियावरचं आर्टेमिसिनिन काढलं, त्याबद्दल २०१५ चं नोबेल त्यांना मिळालं. दोघांनीही परंपरेचा मान राखला, तो तिला परीक्षेला बसवून. परीक्षेला बसायचं म्हणजे नापास व्हायची तयारी ठेवायची. तुमच्या मटेरिया मेडिकातलं एखादं औषध चाचणीत नापास झालं म्हणून पुस्तकातून काढून टाकलं, असं त्या मुलाला एकाही तासाला ऐकायला मिळालं नाही.

तो पहिल्या वर्षाला असतानाच कोविड आला. २०२० च्या त्या उन्हाळ्यात आर्सेनिक आल्बम ३० च्या बाटल्या गावोगाव वाटल्या गेल्या. तुमच्या कॉलेजात मुलांना बसवून बाटल्या भरून घेतल्या. त्यानेही भरल्या. तेव्हा त्याचं गणित व्हायचं होतं. आमच्या गावात गोळ्या घेऊन झाल्यावर तोंडावरचं फडकं खाली ओढून बाजारात फिरणारी माणसं मी पाहिली. “आता काय होत नाही, डोस झालाय,” म्हणायची. साखरेच्या गोळीने कुणाला विषबाधा होत नाही, हे मला मान्य आहे. पण ती घेतल्यावर माणसाने फडकं खाली ओढलं, तर तिने काहीच अपाय केला नाही असं मी कसं म्हणू?

आता कॉलेजच्या तपासणीचं. मान्यतेसाठी तपासणारी माणसं यायची असली की आदल्या दिवशी आसपासच्या वस्त्यांवरून माणसं आणून खाटांवर झोपवायची, त्यांना जेवण आणि रोजी द्यायची, जुन्या तारखांचे केसपेपर मुलांकडून लिहून घ्यायचे. एरवी हजेरीपत्रकावरच दिसणारे प्राध्यापक त्या दिवशी कोट-टाय घालून खुर्चीत बसायचे. हे मी ऐकीव सांगत नाही. केसपेपर लिहिणाऱ्या हातांपैकी दोन हात माझ्या विद्यार्थ्याचे होते. तो म्हणाला, “सर, मी एका बाईंना पंधरा दिवसांचा दमा लिहिला. त्या मला विचारत होत्या, बाबा, मला काय झालंय?” त्या बाईंना काय उत्तर द्यायचं, हे सांगणारं पुस्तक तुमच्या ग्रंथालयात नाही.

२०२५ मध्ये त्याची इंटर्नशिप संपली. तो आता पुण्यात एका खाजगी रुग्णालयात रात्रीचा आरएमओ आहे. तुमची बरीच मुलं तिथेच जातात, पुण्या-मुंबईच्या नर्सिंग होममध्ये, रात्रपाळीला, कारण एमबीबीएसवाला परवडत नाही. एके रात्री दोन वाजता छातीत दुखत असलेला माणूस आला. ईसीजी निघाला. कागद हातात धरून तो उभा राहिला आणि त्याला त्या रेघांचा अर्थ लागेना. फोटो काढून वरच्या डॉक्टरांना पाठवला, ते झोपले होते. वीस वर्षं आयसीयूत काढलेल्या सिस्टर मागून आल्या, कागद बघितला आणि म्हणाल्या, “डॉक्टर, एसटी वर गेलंय. लोडिंग डोस देऊन टाकू या, आणि कार्डिॲकला फोन लावा.” तो माणूस वाचला. मुलगा मला फोनवर हे सांगताना रडत होता. त्याची चूक काय होती, अध्यक्षसाहेब? ज्या वर्षांत त्याने शंभर ईसीजी वाचायला हवे होते, त्या वर्षांत त्याने रिपर्टरीतली लक्षणं पाठ केली. रुग्णाला उजव्या कुशीवर बरं वाटतं की डाव्या, पावसाळ्यात जास्त की उन्हाळ्यात. हुशार मुलाची उमेदीची साडेपाच वर्षं तुम्ही खर्च केली आणि त्याला त्या खाटेपाशी रिकाम्या हाताने उभं केलं.

तुमच्या माणसाचं तिसरं वाक्य इथे येतं, ‘पुढे ॲलोपॅथीची औषधंसुद्धा लिहिता येणार.’ १९९२ साली मुंबईत होमिओपॅथीच्या डॉक्टरने तापाच्या रुग्णाला ॲलोपॅथीची औषधं दिली आणि तो रुग्ण दगावला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निष्काळजीपणा ठरवला आणि तीन लाखांची भरपाई द्यायला लावली. २०१४ मध्ये महाराष्ट्राने कायदा बदलला आणि वर्षभराचा फार्माकॉलॉजीचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथना आधुनिक औषधं लिहायची वाट मोकळी केली. २०२५ मध्ये त्यांच्या मेडिकल कौन्सिलमधल्या नोंदणीवरून वाद पेटला आणि सप्टेंबरात राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी दिवसभराचा संप केला. त्या वादात मी कुणाचा वकील नाही. खेड्यात रात्री दार वाजवल्यावर उघडणारा डॉक्टर बहुतेक वेळा बीएचएमएस किंवा बीएएमएसच असतो, हे आमच्या भागातला प्रत्येक जण जाणतो. ही गरज खरी आहे आणि त्या डॉक्टरांची मेहनतही खरी आहे. माझा राग तुमच्या जाहिरातीवर आहे. वर ‘होमिओपॅथी, एक परिपूर्ण चिकित्सापद्धती’ आणि खाली ‘ॲलोपॅथी प्रॅक्टिसची संधी’, असा फ्लेक्स तुम्ही बसस्टँडसमोर लावता. परिपूर्ण असेल तर ती संधी कशाला हवी? आणि हवी असेल तर साडेपाच वर्षं कशाची फी घेतली? पहिल्या ओळीवर तुमचाच विश्वास नाही. तो असता तर दुसरी ओळ फ्लेक्सवर आली नसती. परवा तुमच्या घरी कुणाला अटॅक आला तेव्हा तुम्ही गाडी कुठे नेली, हे सगळ्या तालुक्याला माहीत आहे. बरं केलंत. तसंच करायला हवं होतं. त्या गाडीत बसताना जे तुम्हाला माहीत होतं, तेच त्या पोराच्या बापाला रान विकण्याआधी सांगायला हवं होतं.

म्हणून माझ्या तुमच्याकडे दोन मागण्या आहेत.

पहिली, प्रवेशाच्या माहितीपुस्तिकेत एक पान वाढवा. त्यावर बाराव्या पायरीचं गणित छापा आणि १७६ अभ्यासांचा निकाल मराठीत छापा. ते वाचूनही एखाद्याने प्रवेश घेतला तर तो त्याचा निर्णय. माझं काही म्हणणं राहणार नाही.

दुसरी, न्यूरेम्बर्गचा प्रयोग तुमच्या कॉलेजात करा. शंभर बाटल्या. पन्नासमध्ये नॅट्रम म्यूर ३०, तुमच्याच प्राध्यापकांनी तुमच्याच पद्धतीने तयार केलेलं. पन्नासमध्ये, ज्यात ते विरळ केलं तेच नुसतं पाणी. आकडे घातलेली यादी पाकिटात बंद करून तहसीलदारांकडे ठेवू. तुमचे सगळ्यांत अनुभवी डॉक्टर बाटल्या देतील, विद्यार्थी घेतील, काय वाटलं ते लिहितील, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर पाकीट फोडू. तुमच्या लोकांनी औषधाच्या पन्नास बाटल्या ओळखून दाखवल्या तर मी माझ्या वर्गात जाऊन फळ्यावर लिहीन की इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं. माझा तो विद्यार्थी सुटी काढून यायला तयार आहे. आकड्यांची नोंद तो ठेवेल. त्याचं अक्षर चांगलं आहे आणि तो गणित अर्धवट सोडत नाही.

तारीख तुम्ही कळवा. बाटल्या आणि मीठ मी घेऊन येतो.

— रसायनशास्त्राचा एक शिक्षक,
लातूर जिल्हा